कोरलेली ॲक्रिलिक पाटी आणि खालून एलईडी : अक्षरं सगळीकडे सारखी का उजळत नाहीत?

कोनाडा
नमस्कार मंडळी,
पारदर्शक ॲक्रिलिकवर लेझरने अक्षरं कोरायची, शीट लाकडी बैठकीच्या खाचेत उभी करायची आणि खालच्या कडेतून प्रकाश सोडायचा, अशी पाटी करतोय. शीट ५ मिमी, रुंदी ३० सेंमी, उंची १८ सेंमी. दोन ओळी, देवनागरी. कोरकाम बाहेरून करून घेतलं, बैठक आणि वायरिंग माझं. एलईडीची पट्टी १२ व्होल्टची, मीटरला ६० एलईडी.

पाटी पेटते. पण चार तक्रारी आहेत. खालची ओळ लख्ख, वरची मरगळलेली. मोठ्या अक्षरांच्या कडा चमकतात आणि पोट रिकामं. खालच्या ओळीत एलईडीचे ठिपके अक्षरशः मोजता येतात. शिवाय शिरोरेषेत जिथे दोन अक्षरं जुळतात तिथे बारीक खिडक्या राहिल्यात, म्हणजे तेवढी जागा कोरलीच गेलेली नाही.

माझा अंदाज : एलईडी कमी पडताहेत. दुप्पट वॅटची पट्टी घालावी. बरोबर?

वायरगुंता
चूक. :)

मधली सुट्टी
वायरगुंता, एवढा दीर्घ प्रतिसाद टंकायला वेळ कसा मिळतो तुम्हाला?

करवत
वायरगुंता बरोबर म्हणताहेत. का, ते मी लिहितो.

दुप्पट वॅट घातले की खालची ओळ दुप्पट उजळेल आणि वरचीही दुप्पट. फरक तेवढाच राहील. डोळ्याला खुपतो तो फरक.

आत काय चालतं ते एकदा पाहा. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) साधारण १.४९. सपाट, गुळगुळीत कडेतून हवेतला प्रकाश आत शिरला की तो कडेच्या लंबाशी ४२ अंशांच्या आतच राहतो. मग पुढच्या किंवा मागच्या पृष्ठभागावर तो कमीत कमी ४८ अंशांनी आदळतो. बाहेर पडायला ४२ च्या आत आदळायला हवं. म्हणजे कडेतून आत आलेला प्रकाश समोरून बाहेर पडूच शकत नाही, तो थेट वरच्या कडेला जाऊन निसटतो. म्हणून तुमची वरची कड झगझगीत दिसत असेल. कोरलेला भाग खडबडीत असल्यामुळे तिथे त्याची दिशा बिघडते आणि थोडा आपल्या डोळ्यांकडे येतो. पाटीवर दिसतो तो सगळा उजेड हा असा बिघडलेला उजेड.

तेव्हा खालच्या ओळीने जेवढा प्रकाश खर्च केला तेवढा वरच्या ओळीला कमी. वॅट वाढवून हा हिशेब बदलत नाही, खर्च नीट वाटावा लागतो. खालची ओळ विरळ कोरा, वरची दाट. संगणकाच्या पडद्यामागे जी प्रकाश पसरवणारी शीट असते तिच्यातही हेच करतात : एलईडीजवळ ठिपके लहान आणि विरळ, लांब जाल तसे मोठे आणि दाट.

एक प्रश्न. शीट कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड?

कोनाडा
वरची कड खरंच झगझगते! मला ते शोभेचं वाटलं होतं.
कास्ट की काय ते विचारलंच नाही. फरक पडतो?

सोल्डरची धार
पडतो. तुमच्या 'पोट रिकामं' या तक्रारीचा बहुधा तोच उगम. कास्ट शीट साच्यात ओतून घडवतात. तिच्यावर लेझर फिरला की पांढरट, खरखरीत, दुधी ठसा उमटतो. एक्स्ट्रुडेड शीट यंत्रातून दाबून बाहेर काढतात, ती लवकर वितळते, त्यामुळे कोरलेला तळ वितळून पुन्हा गुळगुळीत होतो. गुळगुळीत तळ प्रकाश विस्कटत नाही. उरतात त्या खाचेच्या उभ्या भिंती. त्या चमकतात, मधलं पोट काळोखात.

ओळखायची सोपी खूण : दिवा बंद असताना कोरलेलं अक्षर शुभ्र दिसतं का, की ओल्या बोटाच्या ठशासारखं अर्धपारदर्शक? दुसरं असेल तर शीट बदला. कापायला मात्र एक्स्ट्रुडेड छान, कड आरशासारखी निघते, आणि जाडीही नेमकी असते. कास्ट ५ मिमी म्हणून घ्याल ती अर्धा मिमी इकडेतिकडे सहज असते. खाच पाडायच्या आधी कॅलिपर लावून जाडी मोजा.

पाचर
मी थोडा असहमत. कास्टवरही पोट रिकामं राहतं, जर कोरणाऱ्याने 'खोल म्हणजे भारी' या हिशेबाने पॉवर चढवली तर. जास्त उष्णता, तळ वितळला, खेळ खल्लास. आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक 'अजून खोल करा' म्हणतो. खोलीचा उजेडाशी फारसा संबंध नाही, खरखरीतपणाचा आहे. नखाला जेमतेम लागेल एवढं पुरे. वेग जास्त, पॉवर कमी, लेझर ज्या रेघा मारत अक्षर भरतो त्यांच्यातलं अंतर ०.१ मिमीच्या आसपास, म्हणजे इंचाला २५४ रेघा (२५४ डीपीआय).

आणि एक, जे फार कमी लोक सांगतात : लेझरचं डोकं कोणत्या दिशेने ये-जा करतं ते बघा. प्रकाश खालून वर जाणार असेल तर रेघा आडव्या हव्यात. आडवी रेघ येणाऱ्या प्रकाशाला आडवी येते, उभी रेघ त्याला बाजूने जाऊ देते. पुष्कळदा शीट यंत्रात मावत नाही म्हणून फिरवून ठेवतात, आणि मग रेघा उभ्या पडतात. तीच फाइल, तीच शीट, पण पाटी निस्तेज.

सोल्डरची धार
पाचर, खोलीबद्दल मान्य. पण एक्स्ट्रुडेडवर कितीही हलक्या हाताने केलं तरी कास्टची शुभ्रता येत नाही. यावर मी हटणार नाही.

पाचर
हटू नका. मीही विकत कास्टच घेतो. :)

उलटी वेलांटी
शिरोरेषेतल्या खिडक्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये, तर मी बोलते. हा आपल्या लिपीचा खास आजार आहे.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतं. छापताना काही कळत नाही, काळ्यावर काळं. पण मजकुराचे आकार करून लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये नेले की तिथे नियम वेगळा असतो : आकाराच्या आत आकार आला की आतला भाग पोकळ समजायचा. 'ठ'च्या पोटाला तो नियम हवाच. मात्र दोन तुकडे एकमेकांवर चढले त्या पट्टीलाही तो पोकळ समजतो. झाली खिडकी. काना, मात्रा, रफार जिथे शिरोरेषेला भेटतात तिथेही हेच.

उपाय : इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाइप करा, पाथ करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार), गट सोडवा, सगळं निवडून युनियन करा, म्हणजे तुकडे एकत्र जोडा. मग शिरोरेषा एकसंध होते. लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला वेल्ड म्हणतात. मजकूर म्हणून फाइल दुसऱ्याकडे कधीही पाठवू नका. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरांचे पाय मोडतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराच्या मागे जाऊन उभी राहते.

तिरपी फुली
मी एक पाटी पाहिलीये, नावातली ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटलेली. कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती, त्यामुळे त्याला ती नक्षी वाटली. मालकाने तशीच लावली. म्हणे वेगळी दिसते.

कातरवेळची कातर
करवत यांच्या प्रतिसादाला धरून. शिरोरेषा म्हणजे ओळभर लांब, सलग, आडवी खाच. वरून प्रकाश सोडला तर शिरोरेषाच आधी घास घेणार आणि अक्षरं खाली उपाशी. खालून सोडला तर अक्षरं आधी, शिरोरेषा नंतर. म्हणजे आपल्या लिपीला खालचा दिवाच सोयीचा. बरोबर ना?

करवत
एका ओळीपुरतं बरोबर. पण खाच उथळ असेल तर ती ५ मिमी जाडीतल्या प्रकाशाचा थोडाच भाग पकडते, बाकीचा पुढे जातो, त्यामुळे 'उपाशी' हा शब्द जरा जास्त होतो. खालून सोडला तर त्रास शिरोरेषेच्या वर राहणाऱ्यांना : मात्रा, रफार, अनुस्वार. आणि पाचर म्हणाले तोच दिशेचा नियम इथेही, नुसती बाह्यरेषा कोरली असेल तर शिरोरेषा सगळ्यात प्रखर आणि काना सगळ्यात फिका दिसतो.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी करून बघा. वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर चकचकीत ॲल्युमिनियम टेप लावा. निसटणारा प्रकाश परत फिरतो आणि वरच्या ओळीला वरूनही मिळतो. मग कडा चमकत नाहीत, ज्यांना ती चमक आवडते त्यांनी तेवढं चालवून घ्यावं.

वायरगुंता
आता माझ्या खात्यातली तक्रार, ठिपके.

आत गेलेला प्रकाश प्रत्येक एलईडीपासून दोन्ही बाजूंना ४२-४२ अंशांच्या पंख्यात पसरतो. मीटरला ६० म्हणजे दोन एलईडींत १६.७ मिमी. शेजारचे दोन पंखे एकमेकांना टेकायलाच कडेपासून ९ मिमी वर जावं लागतं, नीट मिसळायला २५-३० मिमी. त्याखाली काही कोरलंत तर ठिपके दिसणारच. मीटरला १२० घेतलेत तर अंतर निम्मं, रिकामी जागाही निम्मी पुरते. ३० वाल्या पट्टीच्या नादाला लागू नका.

कोनाडा, तुमची खालची ओळ कडेपासून किती वर आहे? आणि एलईडी चिकटवलेत का?

कोनाडा
खाचेच्या वर लगेच सुरू होते. कडेपासून १२ मिमी असेल. एलईडी पारदर्शक गोंदाने कडेला चिकटवलेत, म्हटलं मध्ये हवा राहिली तर प्रकाश वाया जाईल.

वायरगुंता
उलट. करवत यांनी सांगितलेला ४२ अंशांचा हिशेब हवेतून शिरणाऱ्या प्रकाशाचा आहे. गोंदाने हवा हटवली की प्रकाश त्याहून तिरपाही आत घुसतो, आणि तो तिरपा प्रकाश अडकत नाही, खालच्या भागातच समोरून-मागून बाहेर पडतो. ठिपके अजून ठळक. एलईडी कडेला अगदी जवळ ठेवा, टेकले तरी चालतील, पण गोंद नको.

पट्टीची रुंदी बघा. पट्टी ८ किंवा १० मिमी, शीट ५. म्हणून खाच दोन पायऱ्यांची करावी लागते, वर शीटच्या जाडीची, खाली पट्टीच्या रुंदीची. चिप २८३५ असेल तर ती २.८ गुणिले ३.५ मिमी, ५ मिमीच्या कडेत आरामात मावते. ५०५० म्हणजे ५ गुणिले ५, जेमतेम. ३ मिमी शीटला ५०५० लावली की निम्मा उजेड बैठकीला.

उलटी वेलांटी
कोरायचं पुढून की मागून? मी नेहमी मागून, आरशातली प्रतिमा करून. पुढचा पृष्ठभाग सपाट राहतो, पुसायला सोपा, आणि अक्षरं काचेच्या आत असल्यासारखी दिसतात.

तिरपी फुली
आणि कोरणारा 'उलटं आलंय' म्हणून सौजन्याने सुलटं करून देतो. फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं.

शेवटचा डबा
माझ्याकडे टेबलावरचा निळा डायोड लेझर आहे. पारदर्शक शीटवर काहीच उमटत नाही. बिघडलाय का?

पाचर
बिघडलेला नाही. डायोडचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपास, निळा. पारदर्शक ॲक्रिलिक तो सरळ पलीकडे जाऊ देतं. कार्बन डायऑक्साइड लेझर १०,६०० नॅनोमीटरवर चालतो, तो ॲक्रिलिक पृष्ठभागातच शोषून घेतं. डायोडनेच करायचं तर पृष्ठभागावर पाण्यात विरघळणाऱ्या काळ्या रंगाचा पातळ थर द्या, वाळू द्या. रंग तापतो आणि खालचं ॲक्रिलिक खरखरीत होतं. नंतर धुऊन टाका. बारीक मजकुराला बरं चालतं, मोठ्या भरीव अक्षरांना डाग पडतात. आणि लेझरपासून वाचवणारा चष्मा हवाच. पारदर्शक शीटमधून किरण खालच्या पत्र्यावर जाऊन परततो, डोळ्याला दुसरी संधी मिळत नाही.

सोल्डरची धार
सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर : ॲक्रिलिक पेट घेतं, चांगलंच. यंत्र चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. धूर बाहेर काढणारा पंखा हवाच. आणि मास्किंग म्हणून, म्हणजे कोरताना शीट झाकायला, घरातलं कुठलंही स्टिकर चिकटवू नका. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. लेझरने ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तुमचा घसा आणि यंत्राचं लोखंड दोन्ही खातो. कागदी मास्किंग टेप चालते.

शेवटचा डबा
धन्यवाद. यंत्र फेकून द्यायच्या बेतात होतो. कोरल्यावर ती पांढरी भुकटी स्पिरिटने पुसली तर चालेल ना?

मधली सुट्टी
मी तर नेहमी स्पिरिटच वापरते, पटकन वाळतं.

सोल्डरची धार
नाही, नाही, नाही. लेझरने कापलेल्या कडेला आतून ताण राहिलेला असतो. तिथे अल्कोहोल किंवा अमोनियावाला काच-क्लीनर लागला की बारीक भेगांचं जाळं उठतं. लगेच दिसेलच असं नाही, दिवसांनी येतं. आणि या पाटीत प्रत्येक भेग उजळते! साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, बस. फार महत्त्वाची पाटी असेल तर कापल्यावर शीट ८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास ठेवून सावकाश थंड करतात, ताण निघून जातो. १०० च्या पुढे ॲक्रिलिक मऊ पडतं, तेव्हा तापमानाशी खेळ नको.

मधली सुट्टी
अगंबाई. म्हणजे माझ्या पाटीच्या कोपऱ्यातलं ते कोळ्याचं जाळं कोळ्याचं नाही तर.

तिरपी फुली
या पाट्यांचा एक फायदा कोणी सांगितला नाही. दिवा लावला की बोटांचे ठसे उजळतात. घरात कोणी हात लावला, किती बोटांनी लावला, सगळा पंचनामा.

कातरवेळची कातर
म्हणूनच मागे काळा पुठ्ठा ठेवायचा तर शीटला चिकटवायचा नाही, थोडं अंतर ठेवायचं. चिकटवला की तिथून प्रकाश गळतो.

जरा विषयांतर. १९५० आणि ६० च्या दशकांत प्रयोगशाळेतल्या मोजमाप यंत्रांत आकडे याच पद्धतीने दाखवायचे. दहा पारदर्शक पट्ट्या एकामागे एक, प्रत्येकीवर एक आकडा कोरलेला, प्रत्येकीच्या कडेला आपला छोटा बल्ब. ज्या आकड्याचा बल्ब लागला तो दिसतो. उजळणारे आकडे दाखवणाऱ्या काचेच्या निक्सी नळ्यांचे समकालीन. मागचे आकडे पुढच्या नऊ पट्ट्यांतून बघायचे, त्यामुळे ९ जरा धुरकट दिसत असणार.

कोनाडा, तुम्हाला दोन रंग हवे असतील तर हेच करा. दोन शीट, दोन पट्ट्या, मध्ये हवेची फट, आणि बैठकीत दोन्ही पट्ट्यांमध्ये काळा पडदा.

शेवटचा डबा
त्यापेक्षा रंग बदलणारी डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी लावा की! ईएसपी३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड, त्यावर डब्ल्यूएलईडी हे एलईडी चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं की फोनवरून सगळं.

वायरगुंता
लावा, पण हिशेब करून. ती ५ व्होल्टची, पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येक एलईडी ६० मिलीअँपिअरपर्यंत घेते. ३० सेंमीत १८ एलईडी, म्हणजे १ अँपिअरच्या वर. संगणकाचं यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं. डब्ल्यूएलईडीत प्रवाहाची मर्यादा घालता येते, ती घाला. डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्ट, पट्टीला ५ व्होल्टवर किमान ३.५ लागतो. पुष्कळदा तसंच चालतं, पण मग कधी लुकलुकतं आणि माणूस कोड तपासत बसतो. सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाका, झोप लागेल.

तरीही माझं मत : एकाच रंगाची पाटी असेल तर साधी पांढरी पट्टी. तीन रंग मिसळून झालेला पांढरा निळसर, आजारी दिसतो.

शेवटचा डबा
रंग बदलणं हीच तर मजा आहे.

वायरगुंता
पहिला आठवडा.

कोनाडा
मंडळी, प्रगती कळवतो. आधी जुन्याच शीटवर : एलईडी सोडवले, गोंद काढला, वरच्या कडेला ॲल्युमिनियम टेप लावली. एवढ्यानेच वरची ओळ जागी झाली. ठिपके कमी झाले, गेले नाहीत, कारण ओळ मुळातच खाली आहे.

मग कास्ट शीट मिळवली. अक्षरांचं युनियन केलं, खाली ३० मिमी रिकामी जागा सोडली, मागून कोरायला सांगितलं, रेघा आडव्या. खालच्या ओळीला पॉवर थोडी कमी. आता पोट भरलेलं आहे, खिडक्या गेल्या. पट्टी तीच जुनी, एकही वॅट वाढवला नाही. उलट रात्री डोळ्यांवर येते म्हणून मंद करायचं बटण लावतोय.

एकच राहिलं. अनुस्वार आणि रफार अजून फिके आहेत.

करवत
त्यांना वेगळा थर करून दाट कोरा. रेघांमधलं अंतर तेवढ्यापुरतं ०.०८ करून बघा.

पाचर
०.०८ ने वितळेल. त्यापेक्षा टिंबच मोठं करा. फॉन्टमधला अनुस्वार कागदासाठी काढलेला असतो, लांबून बघायच्या पाटीसाठी नाही.

उलटी वेलांटी
टिंब मोठं केलं तर शिरोरेषेला टेकेल, मग पुन्हा युनियन, आणि 'कं'ला शेंडी आल्यासारखी दिसेल. आधी वर सरकवा, मग मोठं करा.

शेवटचा डबा
हीच पाटी घराबाहेर लावली तर?

सोल्डरची धार
ॲक्रिलिकला ऊन सोसतं. पट्टी सिलिकॉनमध्ये बंद केलेली घ्या, अडॅप्टर आत ठेवा, आणि खाचेत शीटला दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक सोडा. मीटरभर लांब शीट ३० अंशांच्या फरकाने साधारण २ मिमी वाढते. घट्ट बसवलीत तर तडकते. बाकी दिवसाउजेडी अक्षरं दिसतील ती नुसती कोरलेली, दिव्याचा उपयोग अंधार पडल्यावरच.

कोनाडा
उलटी वेलांटी, अनुस्वार वर सरकवून एसव्हीजी (आकारांची) फाइल व्यनिने, म्हणजे व्यक्तिगत निरोपातून, पाठवली आहे. कोरायला देण्याआधी एकदा नजर टाकाल का?

उलटी वेलांटी
पाहिली. टिंब ठीक. दुसऱ्या ओळीतला 'र्' तेवढा युनियनमधून सुटलाय.